बायोगॅसची टाकी घेण्याआधी महिनाभर वजनकाटा

तुमची माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे माझे उत्तर कोणत्या परिस्थितीसाठी आहे ते स्पष्ट राहील. सोलापुरात विजापूर रस्त्यावर तुमची खाणावळ आहे आणि तेथे रोज सरासरी २५० माणसे जेवतात. मागच्या बाजूला स्वतःचे मंगल कार्यालय आहे, वर्षाला पन्नासेक लग्ने होतात. धाकट्या बंधूंचा मार्केट यार्डात कांदा आणि भाजीपाल्याचा गाळा आहे. या तिन्ही ठिकाणचा ओला कचरा धरून एका पुरवठादाराने रोज ५०० किलो क्षमतेच्या बायोगॅस संयंत्राचा प्रस्ताव दिला असून, रोज एक व्यावसायिक सिलिंडर वाचेल आणि उरलेल्या गॅसपासून सीएनजी करून विकता येईल, असे त्यात म्हटले आहे. टाकी तरंगत्या डोमाची (गॅस साठेल तसे झाकण वर उचलले जाणारी) घ्यावी, पक्क्या घुमटाची (न हलणाऱ्या, बांधीव) घ्यावी की फुग्याची (लवचिक पिशवीची), आणि पैसे किती वर्षांत फिटतील, असे तुम्ही विचारले आहे.

गेली बावीस वर्षे मी सोलापूर, धाराशिव आणि लातूर या पट्ट्यात ही कामे करतो आहे आणि खरे सांगायचे तर त्यातली निम्मी वर्षे उभारणीपेक्षा दुरुस्तीतच गेली आहेत. बंद पडलेल्या संयंत्रावर मला बोलावले जाते, तेव्हा टाकीचा प्रकार चुकला म्हणून ते बंद पडल्याचे क्वचितच आढळते. बहुतेक ठिकाणी ठरवलेला कचरा आलाच नाही, किंवा गॅस जिथे तयार झाला तिथे तो लागतच नव्हता, किंवा बाहेर पडणाऱ्या स्लरीचे, म्हणजे पचून उरलेल्या पातळ गाळाचे, काय करायचे हे कोणी ठरवले नव्हते, किंवा रोज टाकीकडे पाहणारा माणूस नोकरी सोडून गेला, अशी कारणे निघतात. त्यामुळे तुमचा पहिला प्रश्न मी शेवटी ठेवणार आहे. त्याआधी ठरवायचे ते असे की वर्षातल्या मंद दिवसांतही तुमच्या हातात निवडलेला, स्वच्छ ओला कचरा किती किलो असेल.

पुरवठादाराचे गणित चुकीचे नाही, हे आधी मान्य करू. खाणावळीच्या खरकट्यापासून चांगल्या चालणाऱ्या संयंत्रात टनाला ८० ते १०० घनमीटर बायोगॅस मिळतो, म्हणजे ५०० किलोंपासून फार तर ५० घनमीटर. एका घनमीटर बायोगॅसची उष्णता साधारण ०.४३ किलो एलपीजीइतकी असते, म्हणून ५० घनमीटर म्हणजे साडेएकवीस किलो एलपीजी, आणि व्यावसायिक सिलिंडर १९ किलोंचा असतो. गुणाकार बरोबर आहे, पण गुणाकाराच्या डाव्या बाजूचे ५०० किलो कुठून आले, ते कोणी मोजलेले नाही.

माझ्या अनुभवात आपल्याकडच्या खाणावळीत माणशी १५० ते २५० ग्रॅम ओला कचरा निघतो. त्यात ताटातले उष्टे, भाजी निवडताना निघालेली देठे-साली आणि दुपारचे उरलेले वरण-भात हे सगळे आले. नेमका आकडा खाणावळ कशी आहे यावर ठरतो. मर्यादित थाळी असेल तर कचरा कमी, पोटभर वाढण्याची पद्धत असेल तर जास्त. कडक भाकरी आणि शेंगाचटणी देणाऱ्या ठिकाणी भाकरी सहसा वाया जात नाही, कारण ती दुसऱ्या दिवशीही चालते. भाताचे तसे नाही. तुमच्या २५० माणसांचे मी रोजचे ५० किलो धरतो. मंगल कार्यालयात हजार पानांच्या लग्नातून अडीचशे किलो खरकटे सहज निघते. पन्नास लग्नांचे साडेबारा हजार किलो होतात आणि ३६५ दिवसांवर पसरले तर ते रोजचे ३४ किलो दिसतात. पण ते कागदावर पसरते, टाकीत पसरत नाही. वैशाखात आठवड्याला तीन लग्ने असतात आणि चातुर्मासात कार्यालयाला कुलूप असते. तुमची खरी, भरवशाची आवक म्हणून ५० किलोच उरते, ५०० नव्हे.

आता गाळ्याच्या मालाबद्दल. भाजीपाल्यात ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असते, त्यामुळे त्यापासून टनाला ४० ते ५० घनमीटरपेक्षा जास्त गॅसची अपेक्षा मी ठेवत नाही. शंभर किलो सडका भाजीपाला मार्केट यार्डातून विजापूर रस्त्यावर आणला तर त्यातून चार-पाच घनमीटर गॅस, म्हणजे दोन किलोंच्या आसपास एलपीजीची बचत होईल. तेवढ्यासाठी टेम्पोचे भाडे आणि हमाली मोजायची का, हे तुम्हीच ठरवा. मी नव्वद किलो पाणी गावातून फिरवणार नाही. त्यात कांद्याची अडचण वेगळी आहे. कांद्यातल्या गंधकाच्या संयुगांमुळे गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड वाढतो, त्याने शेगडीचे जेट, पाइप आणि लोखंडी भाग खाल्ले जातात, शिवाय कांदा लवकर आंबतो आणि त्याची सुकी टरफले टाकीत वर तरंगून जाड थर धरतात. सोलापूरच्या बाजारात हिवाळ्यात कांद्याची आवक किती चढते ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, आणि नेमके त्याच दिवसांत टाकी थंड पडून तिची पचनशक्ती कमी झालेली असते. म्हणून कांदा एकूण कचऱ्याच्या दहा टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये. डाळिंबाच्या सालींबाबतही तसेच आहे. सांगोल्याचे डाळिंब कितीही गोड असले तरी सालीत टॅनिन भरपूर असते आणि ते मिथेन, म्हणजे बायोगॅसमधला जळणारा वायू, तयार करणाऱ्या जीवाणूंना मानवत नाही. रसवाल्यांकडून फुकट मिळतात म्हणून साली पोत्यांनी आणणारे लोक मी पाहिले आहेत.

येथे जीवाणूंबद्दल दोन शब्द सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत. टाकीत मुख्यतः दोन गट काम करतात. पहिला गट अन्न फोडून त्याची आम्ले करतो, तर दुसरा गट त्या आम्लांपासून मिथेन तयार करतो. पहिल्या गटाची संख्या काही तासांत दुप्पट होते, दुसऱ्याला त्यासाठी कित्येक दिवस लागतात. रोजचा घास सारखा असेल तर दोघांची गाडी जुळते. एके दिवशी अचानक पाचपट अन्न आले की पहिला गट आम्लांचा ढीग लावतो, दुसऱ्याला ते उरकत नाही, सामू (पीएच) ६.५ च्या खाली घसरतो आणि मिथेन तयार होणे थांबते. गंमत म्हणजे अशा वेळी डोम भरलेला दिसतो. गॅस भरपूर असतो, पण त्यात बहुतांश कार्बन डायऑक्साइड असल्यामुळे काडी लावली तरी पेटत नाही.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. कामाला लागून तीनच वर्षे झाली असताना एका मंगल कार्यालयात मी बसवलेल्या संयंत्रात लग्नाच्या दुसऱ्या दिवशी उरलेली बासुंदी आणि जिलेबीचा पाक मिळून दोन पिंपे ओतायला मीच होकार दिला होता. वाया जाण्यापेक्षा गॅस झालेला बरा, असा माझा विचार. चौथ्या दिवशी ज्योत निळी होईना, सहाव्या दिवशी ती विझली आणि नंतर आठवडाभर आजूबाजूच्या घरांतून वासाच्या तक्रारी येत राहिल्या. पंधरा दिवस टाकीला काहीही खायला न घालता, थोडा थोडा चुना देत आणि शेवटी दोन गाड्या ताजे शेण आणून मी ती टाकी परत रुळावर आणली. पूर्ण गॅस यायला सव्वा महिना लागला आणि त्या काळातल्या सिलिंडरचे पैसे मालकांनी माझ्या बिलातून कापले. ते योग्यच होते.

म्हणून तुमच्यासाठी माझे मत असे आहे की संयंत्र खाणावळीच्या मापाचे असावे, लग्नांच्या मापाचे नसावे. लग्नाच्या खरकट्यातून रोजच्या घासावर वीस टक्के जास्त, म्हणजे दहा किलो, पुढचे चार-पाच दिवस देता येतील. ते झाकणाच्या पिंपात ठेवावे. थोडे आंबले तरी बिघडत नाही. उरलेल्यासाठी कार्यालयाच्या मागे खतासाठी दोन हौद बांधावेत आणि त्यात उसाचे पाचट किंवा वाळलेला पाला मिसळावा. बायोगॅस आणि कंपोस्ट यांतले एकच निवडायचे, असा हट्ट लोक का धरतात हे मला अजून कळलेले नाही. सांडपाण्यासारखे पातळ आणि रोजचे असते ते टाकीला द्यावे, गाठींचे आणि अवचित येणारे ते खताच्या हौदाला.

आता आकार. सोपा हिशेब सांगतो, कारण पुरवठादाराच्या पत्रकात टाकीचे घनमीटर बहुधा लहान अक्षरांत असतात. खरकट्याच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा म्हणजे पचण्याजोगा सेंद्रिय भाग. ढवळणी आणि तापवणी नसलेल्या साध्या टाकीत रोज दर घनमीटरला असा दोन किलोंपेक्षा जास्त भाग घालू नये. म्हणजे रोजच्या दर दहा किलो खरकट्याला किमान एक घनमीटर पाचक जागा हवी. वरची गॅसची जागा वेगळी. तुमच्या ५० किलोंना पाच घनमीटर पुरतात, मी सहा घेईन. या मापाने ५०० किलोंच्या संयंत्राला ५० घनमीटर पाचक जागा लागते. तुम्हाला आलेल्या प्रस्तावात ती २५ दिलेली आहे, आणि ढवळण्याच्या यंत्रणेचा उल्लेख कुठेही नाही. एवढ्या एका गोष्टीवरून मी तो प्रस्ताव परत पाठवला असता.

यानंतरचा विषय गॅस जाळण्याचा. पाच घनमीटर गॅस म्हणजे घरगुती मापाच्या एका बायोगॅस शेगडीवर, जी तासाला साधारण ४५० लिटर गॅस घेते, अकरा तासांची आच. मोठ्या भट्टीवर जेमतेम अडीच-तीन तास. खाणावळीत सकाळी सातला वरणाची डाळ चढते आणि संध्याकाळी पुन्हा तेच, त्यामुळे तुमच्याकडे गॅस वापरला जाईल, ही तुमची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. डाळ शिजवणे, भात, चहा, ताटे धुण्याचे गरम पाणी, हे सारे बायोगॅसवर निभते. फोडणीला आणि तळणीला आचाऱ्याला एलपीजीच हवा असतो, आणि त्याचे म्हणणे ऐकावे, कारण त्याने मनातून नाकारलेली शेगडी कोपऱ्यात जाते. एलपीजीची शेगडी बायोगॅसवर तशीच चालत नाही, जेटचे भोक मोठे आणि हवेचे प्रमाण वेगळे लागते. बायोगॅससाठीच बनवलेली शेगडी घ्या. ज्या दिवशी खाणावळ बंद, त्या दिवशीचा गॅस मोकळा सोडू नका, जाळून टाका. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेनची तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट असते. पर्यावरणासाठी संयंत्र उभारून तो हवेत सोडण्यात अर्थ नाही.

सीएनजी विकण्याचा विचार मात्र आजच सोडून द्या. वाहनाला किंवा पाइपलाइनच्या जाळ्यात देण्याच्या गॅसमध्ये आयएस १६०८७ या मानकानुसार किमान ९० टक्के मिथेन असावा लागतो. तुमच्या टाकीतून ५५ ते ६५ टक्क्यांचा निघेल. तो शुद्ध करायचा, दोनशे बारहून अधिक दाबाने भरायचा आणि त्यासाठी स्फोटक पदार्थ खात्याच्या परवानग्या घ्यायच्या, हा टनांच्या भाषेतला धंदा आहे. केंद्र सरकारची २०१८ ची ‘सतत’ (SATAT) नावाची योजना त्याच मापाच्या उद्योगांसाठी आहे. इंदूरला फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेला प्रकल्प रोज ५५० टन ओल्या कचऱ्याच्या क्षमतेचा आहे, आणि त्यामागे घराघरांतून कचरा वेगळा घेण्याची शहराची अनेक वर्षांची सवय उभी आहे. आपल्या जिल्ह्यात या मापाचा विचार करायचा झाला तर तो साखर कारखान्यांच्या प्रेसमडभोवती, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळाभोवती, होऊ शकतो, खाणावळीच्या मागे नाही. विजेचेही तसेच. एका घनमीटरपासून दीड-दोन युनिट वीज मिळते. पाच घनमीटरांच्या आठ-दहा युनिटांसाठी इंजिन सांभाळणे परवडत नाही.

ज्या भागाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, तो स्लरीचा. कचरा टाकीत घातला की तो संपतो, असा बहुतेकांचा समज असतो. पाच घनमीटर गॅसचे वजन सहा किलोंच्या आसपास भरते. तुम्ही ५० किलो खरकटे आणि ५० लिटर पाणी घातले, तर उरलेले सुमारे ९४ किलो रोज दुसऱ्या टोकाने बाहेर पडणारच. महिन्याला हे जवळपास तीन हजार लिटर होतात. ते गटारात सोडता येत नाही आणि सोडूही नये. तुमच्याकडे कार्यालयाची बाग आहे, पण बाग एवढे पिणार नाही. गावाकडे शेत असेल, किंवा जवळपासचा एखादा शेतकरी आठवड्याला टाकी भरून न्यायला तयार असेल, तर हीच स्लरी मोलाची आहे, कारण खरकट्यातले नत्र, स्फुरद आणि पालाश गॅसबरोबर जात नाहीत, ते स्लरीतच राहतात. मात्र त्या शेतकऱ्याशी आधी बोला आणि पावसाळ्यात वाफसा नसताना तो स्लरी घेईल का, हे आवर्जून विचारा. जेवणात मीठ असते, म्हणून स्लरी पातळ करून आणि शेत बदलत द्यावी. क्षारपड जमिनीत देऊच नये.

पाण्याचा मुद्दा सोलापुरात वेगळा मांडावा लागत नाही. ज्या शहरात नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते, तिथे रोज ५० लिटर चांगले पाणी टाकीत ओतणे कोणालाच पटणार नाही. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी वापरा, आणि बाहेर आलेल्या स्लरीवरचे पातळ पाणी निम्म्यापर्यंत परत वापरा. निम्म्याच्या वर जाऊ नका, कारण फिरवून फिरवून अमोनिया आणि मीठ साठत जाते. भांडी घासलेले साबणाचे पाणी आणि फिनेल टाकीच्या आसपासही नको.

इथवरचा निष्कर्ष असा: रोज ५०० नव्हे, ५० ते ६० किलोंचे संयंत्र, सहा घनमीटर पाचक जागा, पाच-सहा घनमीटर गॅस, तो सगळा खाणावळीतच जाळायचा, लग्नाचा मोठा भाग कंपोस्टला आणि गाळ्याचा माल बाजाराच्या आसपासच कुठेतरी. आता पैशांचे पाहू.

पाच घनमीटर म्हणजे रोज २.१५ किलो एलपीजी, महिन्याला साडेचौसष्ट किलो, म्हणजे १९ किलोंचे तीन सिलिंडर आणि चौथ्याचा थोडा भाग. दर बदलते आहेत, म्हणून केवळ उदाहरणासाठी किलोला ९० रुपये धरू. महिन्याला सुमारे ५,८०० रुपये वाचतात. कचरा निवडणे, बारीक करणे, घालणे आणि स्लरी हलवणे यात रोज एक-दीड तास जातो. त्या माणसाच्या पगारातला ३,००० रुपयांचा भाग इकडे मांडा. हातात २,८०० राहिले, वर्षाचे ३३,६००. संयंत्र, शेड, शेगड्या आणि पाइप मिळून समजा तीन लाख लागले, तर फेड नऊ वर्षांत. तीन वर्षांत पैसे फिटतील असे जो सांगतो, त्याने मजुरी शून्य धरलेली असते आणि संयंत्र ३६५ दिवस पूर्ण क्षमतेने चालवलेले असते. तुम्ही आज कचरा उचलण्यासाठी कोणाला पैसे देत असाल, तर ते बचतीत जरूर मिळवा. काही हॉटेलांत तीच रक्कम गॅसपेक्षा मोठी निघते आणि निर्णय फिरतो. अनुदानाचे मी हिशेबात धरत नाही. मिळाले तर आनंद आहे, पण अनुदानाशिवाय न परवडणारे संयंत्र अनुदान घेऊन उभे राहिले तरी चालवायला परवडत नाही, हे मी अनेक गोशाळांत पाहिले आहे.

नियमांची बाजूही तपासा. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत ज्यांचा कचरा सरासरी दिवसाला १०० किलोंहून अधिक होता ते मोठे कचरा-उत्पादक धरले जात होते आणि त्यांनी शक्य तो ओला कचरा आवारातच जिरवावा अशी अपेक्षा होती. खाणावळीचे ५० आणि लग्नांचे सरासरी ३४ मिळून ८४ होतात, आणि ही सरासरी ओल्या-सुक्या अशा सर्वच कचऱ्याची धरतात, म्हणजे पत्रावळी आणि पाण्याच्या बाटल्या मिळवल्या तर तुम्ही रेषा ओलांडलेली असू शकते. महापालिकेच्या आरोग्य विभागात जाऊन आजची स्थिती लेखी विचारून घ्या. ते बंधन तुम्हाला लागू होत असेल, तर प्रश्न नफ्याचा राहत नाही. कमीत कमी त्रासात कचरा कसा जिरवायचा एवढाच उरतो, आणि तेव्हा नऊ वर्षांची फेडही वाईट वाटत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, टाकी कोणती. पक्क्या घुमटाचे दीनबंधू संयंत्र १९८४ मध्ये शेणासाठी घडवले गेले आणि शेणासाठी ते उत्तम आहे. खरकट्यात तेल असते, टरफले असतात, तळाशी अंड्यांची कवचे आणि हाडे साठतात. घुमटाच्या आतला थर आणि गाळ काढणे फार कष्टाचे होते. दुसरी अडचण आपल्या जमिनीची. विजापूर रस्त्याकडे जिथे काळी माती खोल आहे, तिथे ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि विटांच्या घुमटाला केसाएवढी चीर गेली तरी गॅस टिकत नाही. पाया मुरमापर्यंत नेला आणि भोवती मुरूम भरला तरच तो प्रकार करावा, आणि तसे जाणणारे गवंडी आता कमी राहिले आहेत. फुगा स्वस्त असतो, लवकर बसतो, पण एप्रिल-मेमधल्या ४२ अंशांच्या उन्हात उघड्यावर त्याचे आयुष्य झपाट्याने घटते. शिवाय आवारात उंदीर आणि लग्नातली पोरे दोन्ही असतात. फुगाच घ्यायचा असेल तर शेड आणि कुंपण यांचा खर्च त्याच्याच किमतीत धरा.

तुमच्यासाठी मी तरंगत्या डोमाची टाकी निवडेन. खादी आयोगाच्या जुन्या पद्धतीची, पण डोम लोखंडाऐवजी फायबरचा आणि भोवती पाण्याचे कडे असलेला. डोम किती वर आला ते आचाऱ्यालाही दिसते, त्यामुळे मीटर न वाचता गॅस किती आहे हे कळते. आणि तो उचलून वरचा थर काढता येतो. टाकीचा बराचसा भाग जमिनीत घ्या. सोलापूरचा उन्हाळा या जीवाणूंना मानवतो, त्यांना ३० ते ३८ अंशांची ऊब आवडते. पण डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा पंधराच्या आसपास उतरतो तेव्हा उघडी टाकी गॅसला आखडते. गड्ड्याच्या यात्रेच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत मला गॅस कमी झाल्याचे जितके फोन येतात, तितके वर्षभरात येत नाहीत, आणि बहुतेकांना मी एकच सांगतो की घास चौथ्या हिश्शाने कमी करा आणि संक्रांत जाऊ द्या.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात पण ठामपणे सांगतो. टाकीत कोणीही, कोणत्याही कारणासाठी उतरायचे नाही. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांसारखा वास प्रमाण वाढले की नाकाला कळेनासा होतो, आणि एकाला वाचवायला दुसरा उतरतो. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन मिसळला की ठिणगी पुरते, म्हणून टाकी भटारखान्याच्या भिंतीला लावू नका, मंडपातल्या फटाक्यांपासून लांब ठेवा, आणि पाइपला उतार देऊन खालच्या टोकाला पाणी काढण्याची तोटी ठेवा.

पुरवठादाराशी करार करताना दोन गोष्टी कागदावर घ्या. एक, गॅस मीटर बसवून सलग ९० दिवसांचे वाचन झाल्यावरच शेवटचे वीस टक्के पैसे. दुसरी, त्याने बसवलेले आणि किमान दोन वर्षे चाललेले एखादे संयंत्र तुम्ही स्वतः, न कळवता जाऊन पाहणार. तिथे मालकाशी बोलण्याआधी भांडी घासणाऱ्या बाईंशी बोला. संयंत्र चालते की नाही, हे त्यांना बरोबर माहीत असते.

आणि हे सगळे पुढच्या महिन्यानंतर. उद्या सकाळी एक शंभर किलोंचा वजनकाटा, दोन रंगांची पिंपे आणि एक वही आणा. हिरव्या पिंपात फक्त ओले, दुसऱ्यात चमचे, टिश्यू, द्रोण आणि टूथपिक. रोज दुपारी आणि रात्री वजन लिहायचे, लग्नाच्या दिवसाचे वेगळ्या शाईने. तीस दिवसांच्या नोंदींतून पहिले पाच सर्वांत कमी दिवस काढून टाका. त्यानंतर जो सर्वांत कमी आकडा येईल, तो तुमच्या संयंत्राचा आकार. हिरव्या पिंपात महिनाअखेरीसही टिश्यू आणि चमचे सापडत असतील, तर टाकीचा विचार आणखी दोन महिने पुढे ढकला. आणि वही कोण लिहितो तेही पाहा. ज्याने एकही दिवस न चुकवता ती लिहिली, त्याच माणसाच्या हाती संयंत्र द्या आणि त्याच्या सुट्टीच्या दिवसासाठी दुसरा माणूस तयार करा. आकडे आले की मला पाठवा. सहा घनमीटर बरोबर की चार पुरतील, हे त्यावरून सांगतो.